फसवणूक, ठकवणूक, अपहार: एकच की वेगळे?

अनुवादक_सदाशिव: फ्लॅटच्या व्यवहाराची एक मराठी फिर्याद तपासायची आहे. एकाच वाक्यात 'फसवणूक, विश्वासघात, अपहार, बनावट व कपट केले' अशी माळ लावली आहे. हे समानार्थी धरायचे का? आणि कायद्याच्या मराठीत 'ठकवणूक' का? पुण्यात हा शब्द बोलताना कोण वापरतं?

कोर्टगल्ली: बोलताना कोणीच नाही, पण म्हणूनच तो कामाचा आहे. 'फसवणूक' आपण मोघम वापरतो, अगदी महाग भाजीलासुद्धा. ठकवणुकीची व्याख्या मात्र ठरलेली आहे: जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ४१५, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. खोटं भासवलं, त्यामुळे समोरच्याने मालमत्ता दिली, आणि देण्याआधीच घेणाऱ्याच्या मनात लबाडी होती. सगळी प्रकरणं या तिसऱ्या मुद्द्यावर अडतात.

समजा, साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करून दहा लाख घेतले. फ्लॅट आधीच दुसऱ्याला विकला होता आणि तरी 'निर्वेध आहे', म्हणजे कोणाचा हक्क वा बोजा नाही, असं सांगितलं, तर ती ठकवणूक. बांधायचं खरंच मनात होतं, नंतर पैसे संपले, तर तो करारभंग. त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचं, पोलीस चौकीत नाही. आणि सोसायटीचा देखभाल निधी विश्वासाने सेक्रेटरीच्या ताब्यात दिला व त्याने स्वतःकडे वळवला, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे तुमच्या माळेतला 'विश्वासघात', नव्या संहितेचं कलम ३१६. तिथे पैसे घेताना खोटं काही नव्हतं, खोट नंतर शिरली. म्हणूनच एकाच रकमेबाबत दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच बजावलं. तुमच्या माळेतले पहिले दोन मणी एकमेकांना खातात.

दस्तलेखक_हवेली: तारीखही बघा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला भादंविच लागतो, फिर्याद आज दिली तरी. साध्या ठकवणुकीला ४१७ खाली एक वर्षापर्यंत कैद होती, नव्या संहितेत तीन वर्षांपर्यंत. न्यासभंगाची तीनची पाच झाली. '४२०'च्या जागी ३१८(४) आलं, सात वर्षांपर्यंत, तेवढंच. 'चारसो बीस माणूस' मात्र बोलण्यातून जाणार नाही, 'तीनशे अठरा' म्हणून कोण शिवी देणार!

मोडीवाचक: 'लबाडीने' या शब्दाचं काय? चोरीच्या फिर्यादीत हमखास 'मुद्दाम लबाडीच्या इराद्याने, संमतीवाचून' असतं.

कोर्टगल्ली: पोलिसांचा जुना साचा आहे, आणि बरा आहे. अधिकृत शब्द 'अप्रामाणिकपणाने'. एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी हा हेतू, म्हणजे मालमत्तेशी बांधलेला. 'कपटीपणाने' हा वेगळा. त्याला नुसतं खोटं बोलणं पुरत नाही, नुकसान किंवा नुकसानीचा धोकाही लागतो. डॉ. विमला विरुद्ध दिल्ली प्रशासन हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (१९६३) बघा: आईने तान्ह्या मुलीच्या नावावर मोटार घेतली, विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या, अपघाताची भरपाईही घेतली. खोटेपणा होता, पण त्यातून आईला जास्तीचा फायदा नाही आणि कंपनीला तोटा नाही. म्हणून कपट नाही, निर्दोष.

अनुवादक_सदाशिव: मग 'बनावट'? इथे विकणाऱ्याने दुसऱ्याची जागा स्वतःची म्हणून विकली आहे. खरेदीखत बनावट म्हणू ना?

दस्तलेखक_हवेली: नको! सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची सही केली. मजकूर खोटा, दस्त बनावट नाही. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य (२००९) यात हेच ठरलं. मूळ मालक म्हणून उभा राहून त्याच्या नावाने सही ठोकली असती, तर बनावटीकरण आणि तोतयेगिरी दोन्ही. तुमच्या प्रकरणात ठकवणुकीची तक्रार खरेदीदार करू शकतो, कारण पैसे त्याचे गेले.

मोडीवाचक: तोतया म्हटलं की पुणेकराला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवणारच. पानिपतानंतर भाऊ म्हणून मिरवला, १७७६ मध्ये इथेच त्याला देहान्त शासन झालं. कायद्यातल्या 'तोतयेगिरी करून ठकवणूक' या शब्दामागे एवढी पुण्याई आहे. आणि 'अफरातफर' फारसीमार्गे आलेला: मुळात इफरात-तफरीत, म्हणजे जास्त-कमी. हिशेबाच्या वहीला चपखल बसतो, पण कलमात लिहिताना 'अपहार'च.

कोर्टगल्ली: अपहार म्हणजे नव्या संहितेचं कलम ३१४. वस्तू हातात येते तेव्हा गैर काही नसतं, रस्त्यात सापडलेल्या पाकिटासारखं. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता खिशात घातलं की गुन्हा.

दिवाणी दाव्यात नुसतं 'कपट केले' लिहून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे तपशील लागतो: कोणत्या तारखेला, कोण, काय खोटं बोललं.

अनुवादक_सदाशिव: मग असं करतो: 'अमुक तारखेस आरोपीने सदर मिळकत स्वतःच्या मालकीची असल्याचे, तसे नसल्याचे माहीत असताना, खोटे भासवून फिर्यादीस रुपये दहा लाख देण्यास अप्रामाणिकपणाने प्रवृत्त केले.' बाकीचे चार शब्द गेले.

दस्तलेखक_हवेली: उत्तम. 'अमुक तारखेस'च्या जागी साठेखताची नाही, पहिला धनादेश दिला ती तारीख घाला. दोन्हींत अंतर असेल तर बोलणं कधी झालं तेही वेगळं लिहा.