पंधरा वर्षांची सँट्रो: नव्वद हजार घालायचे की काढून टाकायची?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं ठिकाण)

कासारवडवली
आमची सँट्रो झिंग, पेट्रोल, एमएच-०४, नोंदणी २०११ ची. आरसीची पंधरा वर्षं यंदा भरतायत. गॅरेजवाल्याने दिलेली यादी अशी: हेड गॅस्केट, क्लच सेट, पुढचे दोन्ही लोअर आर्म, रेडिएटर, एसीची कूलिंग कॉइल, चार टायर. सगळं मिळून नव्वद हजारांच्या आसपास. जुन्या गाड्या घेणाऱ्याने गाडीची किंमत सत्तर हजार सांगितली. घरात सगळ्यांचं एकच, काढून टाक.

मला ती ठेवायची आहे, आणि नुसत्या मायेपोटी नाही. बाबांचे गुडघे गेलेत. या गाडीची सीट अशा उंचीला आहे की ते आडवे बसतात आणि पाय आत घेतात, वाकावं लागत नाही. भावाच्या नव्या गाडीत बसताना त्यांना दरवाजाची चौकट धरून खाली जावं लागतं, आणि उतरताना तर कुणीतरी हात द्यावाच लागतो. वापर म्हणाल तर हॉस्पिटल, माजिवडा, डोंबिवलीला मावशीकडे, आणि गणपतीला चिपळूण. सल्ला द्या, पण कारणासहित.

वागळे इस्टेट
ठेवा. सत्तरची गाडी आणि नव्वदचा खर्च ही तुलनाच चुकीची आहे. सत्तर हजार हा गाडी विकायची असेल तरच कामाचा आकडा, तुम्ही विकत नसाल तर त्याचा तुमच्याशी संबंध काय? तुमचा प्रश्न असा हवा की पुढची पाच वर्षं फिरायला मला काय पडेल. यादीतले टायर आणि क्लच कुठल्याही गाडीला कधीतरी लागतातच. नव्या गाडीचे सहा-सात लाख, त्यावर हप्त्याचं व्याज, आणि पहिल्या काही वर्षांतच तिची किंमत जेवढी उतरेल त्यात तुमची ही दुरुस्ती कितीदा तरी होईल. इंजिनचं हेड उतरवणारच असाल तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

एक अट मात्र आहे. एक रुपयाही देण्याआधी पत्रा बघा. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, सगळं दुरुस्त होतं. सडलेला पत्रा होत नाही, तो फक्त झाकला जातो. गाडी रॅम्पवर चढवा, आतलं कार्पेट उचला, दरवाजाखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, टोकाने दाबून बघा. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं तर थांबा. बॉनेट उघडून शॉकअबसॉर्बर जिथे वर बोल्टने बसतो तो टॉवरही नीट बघा. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर खाडीची हवा. उघड्यावर लावलेली गाडी खालून जाते आणि मालकाला पत्ता नसतो.

ऐरोली
वरच्या हिशेबात माणूस कुठेच नाही. नव्वद हजारांच्या यादीत एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएसही नाही, आणि कुठलाही गॅरेजवाला ते बसवून देणार नाही. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. म्हणजे बाबा ज्या सीटवर बसतात ती सीट या गाडीत उघडीच. पावसात गायमुख घाट उतरताना पुढच्या कंटेनरने अचानक ब्रेक लावला, तर चाकं लॉक होऊन गाडी कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

नवीच घ्या असं म्हणत नाही. चार-पाच वर्षांची, दोन एअरबॅगवाली, एकाच मालकाची गाडी बघा. नवी घ्यायची झाली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी उपकर धरून २९ होता. हा फरक लहान नाही.

सानपाडा
कागदपत्रांचं एवढंच सांगतो. दिल्लीतली पेट्रोलला पंधरा, डिझेलला दहा वर्षांनंतर बंदीची भानगड आपल्याकडे नाही. गाडी आरटीओत दाखवून पास झाली की आणखी पाच वर्षं मिळतात. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चं ५,००० झालंय, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या आधी अर्ज करा, उशीर झाला तर महिन्याला ५०० चढतात. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी आणि पीयूसी आधी करून घ्या. फक्त थर्ड पार्टी विमा १००० ते १५०० सीसीला ३,४१६ अधिक जीएसटी या दराने निघायचा, तोही हिशेबात धरा.

कळवा
पेट्रोलबद्दल कोणी बोललंच नाही. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. रबरी होस, फ्युएल पंप, गॅस्केट यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल, ॲव्हरेजही थोडं उतरतं. शिवाय झिंग २०१४ ला बंद झाली. फिल्टर-ब्रेकपॅड मिळतात, पण आतलं एखादं प्लॅस्टिक किंवा दरवाजाचं कुलूप लागलं की कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना माल शोधत फिरा. माझं मत काढून टाका.

वागळे इस्टेट
कुर्ल्याला जावं लागणं म्हणजे गाडी संपली असं नाही. ऐरोलीकरांचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. एअरबॅगला माझ्याकडे उत्तर नाही. पण वापर बघा. हॉस्पिटल आणि माजिवडा म्हणजे बहुतेक वेळ पहिला-दुसरा गिअर. चिपळूणसाठी भाड्याची गाडी करा आणि हिला शहरात ठेवा. चालती गाडी मोडीत काढून नवी घेणं हा सुरक्षेचा एकमेव रस्ता नाही.

ऐरोली
घोडबंदर रोड दिवसा पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, हे बरोबर. रात्री अकरानंतर तिथे ट्रक कसे सुटतात ते कासारवडवलीला राहणाऱ्याला मी सांगायला नको. आणि हॉस्पिटलची वेळ आपण ठरवत नाही.

कासारवडवली
गाडी रॅम्पवर चढवली. दरवाजाखालच्या पट्ट्या शाबूत निघाल्या, मला वाटलं सुटले. मग डावीकडचं कार्पेट उचललं तर खालचा फोम ओला, दाबला की पाणी वर येत होतं. बॉनेटखाली डाव्या टॉवरवर बोल्टभोवती सीलंटचा जाड थर होता. मिस्त्रीने तो खरवडला आणि खालून पत्रा पापुद्र्यासारखा सुटून आला. तो म्हणतो वेल्डिंग करून तुकडा लावतो, पाच हजारात.

वागळे इस्टेट
मग नको. आधी ठेवा असं मीच लिहिलं असलं तरी आता स्पष्ट सांगतो, नव्वद हजार घालू नका. फ्लोअरला तुकडा लावला तर चालतं. टॉवरवर पुढच्या चाकाचा प्रत्येक खड्ड्यातला दणका येतो, आणि आपले खड्डे तुम्हाला माहीत आहेत. तुकडा ज्या पत्र्याला जोडणार तोही आतून गेलेलाच असणार. या अवस्थेत दुसऱ्या कुणाला विकूही नका, निदान न सांगता तरी नाही.

सानपाडा
भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. तो पैसे रोख देतो, पण आरसी तुमच्याच नावावर राहते आणि पुढे त्या नंबरचं काही झालं तर नोटीस तुम्हाला. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, आरटीओत नोंदणी रद्द होते, आणि ते प्रमाणपत्र नव्या गाडीच्या वेळी करात सवलत मिळवायला चालतं. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत आहे, आपल्या राज्यात सध्या किती ते आरटीओत विचारा.

कासारवडवली
स्क्रॅपलाच देतेय. वाईट वाटतंय, पण तो पापुद्रा हातात धरल्यावर बाबांना त्या सीटवर बसवायची माझी हिंमत नाही. आता उंच सीटची, दोन एअरबॅगवाली वापरलेली गाडी बघायची आहे. वॅगन आर डोक्यात आहे. बाबांना सोबत नेऊन बसवून बघणार, आडवं बसून पाय आत घेता आले तरच पुढची बोलणी. ठाण्यात किंवा वाशीत घेण्याआधी गाडी रॅम्पवर तपासून देणारा भरवशाचा माणूस कुणाच्या माहितीत आहे का?