दाढेच्या कॅपचा खर्च, एवढा फरक का?

घोडबंदरवाली: आईच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, आता कॅप बसवायचीय. एक डॉक्टर ४ हजार म्हणतात तर दुसरे १२, दाढ तीच, मग हे काय गौडबंगाल आहे?

नेरूळकर: मटेरियल विचारलंत का? ४ हजारात बहुतेक मेटल सिरॅमिक असणार, म्हणजे आत धातू वर पोर्सिलीन, आणि १२ वाली झिरकोनिया, म्हणजे आत धातू नसलेली, पांढऱ्या मजबूत सिरॅमिकची. मेटलवालीत कधीकधी हिरडीजवळ काळी रेघ दिसते, वरचं पोर्सिलीन उडूही शकतं, पण मागच्या दाढेला कोण बघतंय! झिरकोनियात कंपनीप्रमाणे रेट बदलतो, वॉरंटी कार्ड मात्र मागून घ्या. वॉरंटी कॅपची असते हां, खालच्या दाताची नाही.

खारकर आळी: आणि १२ मध्ये काय काय धरलंय ते लिहून घ्या, दात फार झिजलेला असेल तर आधी पोस्ट टाकतात, म्हणजे कॅपला आधार म्हणून दाताच्या मुळात बसवायची छोटी खुंटी, त्याचे पैसे वेगळे, काहीजण एक्सरे पण वेगळा लावतात.

ऐरोलीची ताई: घाई नसेल तर नेरूळचं डी वाय पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम डेंटल कॉलेज बघा, बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं पण विद्यार्थी करतात म्हणून खेपा जास्त. फक्त कॅप फार लांबवू नका, रूट कॅनल झालेली दाढ चावताना फुटू शकते.

घोडबंदरवाली: आईला नेरूळ लांब पडेल, इथेच मेटल सिरॅमिकचं विचारते.