कापसाचे पैसे अन् गुलाबाच्या पाकळ्या

ग्रुप : अमळनेरचं घर
रविवार

वहिनी (पुणे): सगळ्यांना सुप्रभात. काल रात्री मुलं झोपल्यावर प्राइमवर त्या अमेरिकन गायिकेचा, जेनिफर लोपेझचा, तो गाण्यांचा पिक्चर पाहिला, 'धिस इज मी... नाऊ'. कोणी पाहिलाय का? मला अजून ठरवता येईना, आवडला की नाही.

छोटी (नाशिक): मी पाहिलाय वहिनी! होस्टेलवर आम्ही चौघी बसलो होतो. दोघी अर्ध्यातून उठून गेल्या, दोघी शेवटी रडल्या. मी रडणाऱ्यांतली.

दादा (पुणे): मी वीसेक मिनिटं बसलो. ते लोखंडी हृदय आलं आणि मी झोपायला गेलो. खरं सांगतो, मला त्यातलं प्रेम कमी दिसलं, पैसा जास्त दिसला. दोन कोटी डॉलर स्वतःचे घातलेत बाईने. रुपयांत साधारण १६६ कोटी.

आक्का (धुळे): बापरे. स्वतःचे? कंपनीचे नाही?

दादा: स्वतःचे. आधी ज्यांनी पैसे लावायचं कबूल केलं होतं ते मागे सरकले, मग तिने स्वतःच घातले. पिक्चर आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. गोष्ट कशावर, तर जुना प्रियकर वीस वर्षांनी परत भेटला, लग्न झालं, प्रेम जिंकलं. आणि त्याच ऑगस्टमध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला. मग काय राहिलं त्या पिक्चरमध्ये?

काकू (अमळनेर): अरेरे. कोण गं तो नवरा?

छोटी: बेन अफ्लेक, काकू. हिरो आहे तिकडचा, डायरेक्टरपण. २००२ ला साखरपुडा झाला, २००३ मध्ये लग्न पुढे ढकललं, २००४ च्या सुरुवातीला मोडलंच. मग दोघांचे वेगवेगळे संसार, मुलंबाळं. २०२२ मध्ये पुन्हा एकत्र येऊन लग्न केलं. २०२५ च्या सुरुवातीला कायद्याने वेगळे झाले.

काकू: वीस वर्षांनी परत भेटले तेच पुष्कळ म्हणायचं.

ताई (जळगाव): मी सकाळपासून वाचतेय. मीही पाहिलाय, दोनदा. शाळेचे पेपर तपासायचे बाजूला ठेवून लिहितेय, जरा मोठं होईल, वाचा पण.

सुरुवातीला एक पोर्तो रिकोची दंतकथा आहे. अलिडा आणि तारू, दोन वैरी टोळ्यांतले. देवांनी तिचं लाल फूल केलं, त्याला कळेना ती कुठे गेली, म्हणून त्याला हमिंगबर्ड करून सोडलं फुलं शोधायला. आपल्याकडे हमिंगबर्ड नाही, पण शेवग्याच्या फुलांवर शिंजीर कसा हवेत थरथरत थांबतो, तो आठवा. आईला मी एवढा भाग मोबाइलवर दाखवला. ती म्हणाली, "माले ते पाखरू आवडनं."

मग ते लोखंडी हृदय, दादा जिथे उठला ते. एवढा मोठा कारखाना, आत धडधडणारं यंत्र, आणि ते चालतं गुलाबाच्या पाकळ्यांवर. पाकळ्या कमी पडायला लागल्या की यंत्र आचके द्यायला लागतं, कामकरी बायका धावतात. मला एकदम आपल्या इथली जिनिंग दिसली, कापसातून सरकी काढायचा कारखाना. लहानपणी नाना गाडीवर बसवून न्यायचे तेव्हा कापसाचे ढीग आत लोटणाऱ्या बाया, डोक्यापासून पायापर्यंत रुई चिकटलेली, आणि मशीन थांबलं की साऱ्या आवारात पडणारी ती शांतता. त्या बाईच्या छातीत तशी जिनिंग आहे आणि कच्चा माल संपत आलाय, असं मला वाटलं. मी तिथे उठूच शकले नाही.

दादा: ताई, तू छान सांगतेस म्हणून छान वाटतं. पडद्यावर ते सगळं जाहिरातीसारखं चकाचक आहे.

ताई: आहे चकाचक. मी नाही म्हणत नाही. आणि ते राशींचं मंडळ आकाशात बसून तिच्यावर बोलत असतं, ते मला अजिबात जमलेलं वाटलं नाही. जेन फोंडासारखी मोठी नटी घेतलीये आणि तिला करायला काही दिलं नाही.

आक्का: त्यात आपले सद्गुरू पण आहेत म्हणे?

छोटी: हो आक्का, आहेत. थोडेच दिसतात.

ताई: पण काचेच्या घराचा भाग बघ दादा, पुढे आहे. आत नवरा-बायको भांडतात, तो तिला ओढतो, आणि बाहेरच्याला सगळं आरपार दिसतं. बोलत कोणीच नाही, नुसता नाच आहे. आमच्या कॉलनीत असं एक घर होतं. भिंती विटांच्याच होत्या, तरी सगळ्यांना सगळं दिसत होतं. मीही त्या सगळ्यांतलीच.

काकू: कोणतं घर ते कळलं गं मला.

ताई: नाव नको काकू इथे.

आणि शेवट. तिला स्वप्नात तिचं लहानपण भेटतं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली ती छोटी मुलगी. ती रुसलेली असते. मोठी बाई खाली बसून तिला जवळ घेते, माफी मागते. त्यानंतर पाऊस, रस्त्यावर नाच. घटस्फोट झाला म्हणून हा प्रसंग खोटा कसा ठरेल? तिला जे कळलं ते तिने तेव्हा सांगितलं. पुढे संसार टिकला नाही, ते दुःख वेगळं. आपल्या लग्नाच्या अल्बममधले हसरे चेहरे पुढच्या भांडणाने खोटे होत नाहीत.

छोटी: मी तिथेच रडले ताई.

वहिनी: मला खटकलं ते दुसरंच. सोबत जी डॉक्युमेंटरी आली, त्यात कळतं की बेनने तिची-त्याची जुनी पत्रं जपून ठेवली होती, पुस्तक करून तिला भेट दिली. आणि तिने ती गाणी लिहिणाऱ्यांना वाचायला दिली. तो जरा अवघडलेला दिसतो. माझी पत्रं यांनी कोणाला दाखवली तर मी बोलणार नाही महिनाभर.

दादा: माझ्याकडे आहेत अजून, सगळी.

वहिनी: माहितीये. कपाटात आतल्या कप्प्यात. तिथेच राहू द्या.

ताई: वहिनी, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. दोघांचं जे असतं त्यातलं एकट्याने वाटून टाकायचं नाही. पैसे तिचे होते, पत्रं अर्धी त्याचीही होती.

नाना (अमळनेर): दुपारचं जेवण झालं. आता सगळं वाचलं. तुम्ही पोरं पैशावरून बोलता म्हणून सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठलं, सिनेमाचं तंत्र शिकून आले. पुढे सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला. सरस्वतीबाई युनिटच्या पन्नासावर माणसांचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडायचं कामही करायच्या. त्या बाईचं नाव कोणी घेत नाही.

नाना: राज कपूरचा जोकर १९७० ला मी जळगावात पाहिला. दोन मध्यंतर. लोक पहिल्या मध्यंतरात घरी गेले. त्याच्या कंपनीचं कंबरडं मोडलं. तीन वर्षांनी बॉबी आला तेव्हा सावरला. आज त्याच जोकरला लोक चांगलं म्हणतात. तेव्हा मीही शिव्याच दिल्या होत्या.

दादा: नाना, म्हणजे तुम्ही जेनिफरच्या बाजूने?

नाना: मी तो पिक्चर पाहिला नाही. पैसे घालणाऱ्याच्या बाजूने पण नाही. माणूस बुडतो यात.

छोटी: बुडालीच ना ती थोडी. तेव्हाच आलेला अल्बम अमेरिकेच्या यादीत ३८ व्या नंबरवर लागला, तिच्यासारखीला तो फार खाली. मे संपता संपता दौरापण रद्द केला, मुलांना आणि घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून. पण समीक्षकांनी बऱ्यापैकी चांगलं लिहिलं होतं. टर उडवली ती जास्त मोबाइलवर, आणि त्यातल्या कितींनी पूर्ण पाहिला कोण जाणे.

छोटी: आणि नाना, लांब कशाला, मालेगाव बघा. शेख नासिरने यंत्रमागवाल्या मित्रांना घेऊन शोलेची मालेगावी नक्कल काढली. त्यांच्यावर हिंदी पिक्चर आला २०२५ मध्ये, 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर घडलं हे सगळं.

बापू (अमळनेर): वाचतोय.

ताई: बापू, नुसतं वाचू नको. बोल.

बापू: काय बोलू ताई. नानांनी लिहिलं ना, माणूस बुडतो.

काकू: सांग रे. मी सांगू का?

बापू: नको आई, मीच लिहितो. मी अहिराणी गाणं केलंय, लग्नातलं नाचायचं नाही. आमचं दोघांचं आहे. हिची बोटं कापूस वेचून कशी होतात ते कोणी बघितलंय का? बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. नखाच्या कडेला टोचून टोचून भेगा पडतात, रात्री पिठात हात घातला की झोंबतं. ही कणीक मळताना डावा हात बाजूला धरते. ते पाहून मला गाणं सुचलं. धुळ्याच्या मित्राकडे रेकॉर्डिंग झालंय. आता शूटिंग करायचंय. सत्तर हजार लागतील. यंदाच्या कापसाच्या पैशातून मागितले, नाना नाही म्हणाले.

बापू: मागच्या वेळचं सगळ्यांना माहिती नाही. पहिलं गाणं मी एका चॅनेलवाल्याला दिलं होतं. त्याने कागदावर सही घेतली, वाचू दिलं नाही. गाणं लग्नांत वाजलं, वरातींत वाजलं, मला एक रुपया आला नाही. माझंच गाणं माझ्या चॅनेलवर टाकलं तर त्याची तक्रार आली, काढून टाकावं लागलं. म्हणून या वेळी मला माझेच पैसे लावायचे आहेत. गाणं माझ्या नावावर राहिलं पाहिजे.

आक्का: हे तू आम्हाला का नाही सांगितलं रे?

बापू: लाज वाटली आक्का. सही माझीच होती.

दादा: बापू, लाज त्याला वाटायला हवी. तो कागद मला पाठव, इकडे माझा वकील मित्र आहे, बघायला देतो. आणि सकाळपासून मी १६६ कोटी, १६६ कोटी करतोय, ते तुझ्या डोळ्यांसमोर. मला माहिती नव्हतं.

ताई: मला माहिती होतं. म्हणूनच मी एवढं लांबलचक लिहीत बसले. नाना, तुम्हाला उलट बोलत नाही, पण ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये साहित्य संमेलन आपल्या अमळनेरला झालं तेव्हा बापू तिन्ही दिवस मंडपात होता. परत येऊन मला म्हणाला, ताई, मराठीवर एवढं बोलले, पण आपल्या बोलीत कोणी प्रेमाचं साधं बोललं तर लोक अजून हसतात. नाचायला अहिराणी चालते. रडायला चालत नाही. ही गोष्ट बाहेरचा कोणी पैसे देऊन करणार नाही. ज्याच्या घरात ती बोटं आहेत त्यालाच करावी लागेल. जेनिफरलाही तेच झालं, तिच्या मनातलं दुसऱ्याला नफ्याचं वाटलं नाही. पिक्चर मला निम्माच आवडला, तरी तिने पैसे घातले हे मला शंभर टक्के पटतं.

नाना: तिचे १६६ कोटी गेले तरी चूल पेटते. आपले सत्तर हजार म्हणजे पुढचं बियाणं आणि खत.

ताई: ते खरं आहे नाना.

वहिनी: सत्तर कशाचे बापू? हिशोब टाका ना इथे.

बापू: कॅमेरावाला दोन दिवसांचे वीस. ड्रोन आठ. एडिटिंग पंधरा. हिरोईन धुळ्याची, दहा. कपडे, गाडी, जेवण धरून सतरा.

छोटी: हिरोईन कशाला? गाणं वहिनींच्या बोटांचं आहे ना! अमळनेरच्या वहिनींनाच घ्या.

काकू: ती लाजेल गं.

छोटी: चेहरा नको दाखवू. नुसते हात.

ताई: छोटी, अगदी बरोबर. नुसते हात. वेचणारे, मळणारे, डाव्या हाताला तेल लावणारे.

बापू: हे माझ्या डोक्यातच आलं नाही. थांबा, हिला विचारतो.

आक्का: ड्रोनपण काढून टाक. दादर ज्वारी उभी आहे ना वावरात? माणसाच्या डोक्यावर गेलेली दादर जमिनीवरूनच चांगली दिसते. आणि जेवण माझ्याकडे लागलं. भरीत आणि कळण्याची भाकरी, वीस माणसांचं. वांगी इकडूनच आणते.

बापू: ही हो म्हणाली. म्हणे बांगड्या काढणार नाही, नेहमीच्याच राहतील.

वहिनी: मग दहा आणि आठ गेले, जेवणाचे पण गेले. चाळीस-पंचेचाळीसमध्ये होतंय. एडिटिंगचे आम्ही देतो. उसने नाही, घरचे.

दादा: हो. आणि या वेळी कुठेही सही करायच्या आधी मला फोटो पाठवायचा.

नाना: सगळे ठरवूनच मोकळे झाले. मी गाणंच ऐकलेलं नाही. मला कोणी ऐकवलं?

बापू: नाना, तुम्ही पैशाला नाही म्हणालात, मग मी गाणं ऐकवलंच नाही.

नाना: पाठव.

बापू: 🎵 ऑडिओ (४:१२)

काकू: हे मोबाइल घेऊन वट्यावर जाऊन बसलेत. थांबा सगळे.

काकू: दुसऱ्यांदा लावलंय.

नाना: दुसरं कडवं परत धाड. ट्रॅक्टरना आवाजमा आयकू उनं नही.