नऊच्या पीईला मिळणारी बायोटेक कंपनी: घ्यावी का?

जालनेकर: नाव घेत नाही, नाहीतर टिप दिली म्हणाल. शेतीसाठी जिवंत बुरशी-जिवाणूंची औषधं-खतं (ट्रायकोडर्मा, रायझोबियम, पीएसबी) बनवणारी छोटी लिस्टेड कंपनी. पीई ९ (म्हणजे भाव दर शेअर वार्षिक नफ्याच्या नऊपट), भाव बुक व्हॅल्यूच्या (मालमत्ता वजा देणी, दर शेअर) खाली, कर्ज नावापुरतं, प्रमोटरचा (मूळ मालकांचा) एकही शेअर गहाण नाही. एवढ्या लहान कंपनीकडं म्युच्युअल फंड फिरकत नाहीत म्हणून भाव पडून आहे, असं माझं मत. १९६४ ला बद्रीनारायण बारवाले यांनी आमच्या जालन्यात महिको काढली तेव्हा बियाण्याच्या धंद्याला कोण विचारत होतं? पगारातून दर महिन्याला थोडे घेतोय. खोट दिसत असेल तर सांगा.

कृषीकेंद्र_परभणी: माझं गोडाऊन बघायला या. अशाच एका कंपनीचा (नाव नको) माणूस मार्चअखेर फोन करतो, "शेठ, ४० पेट्या टाकतो, पैसे खरीप झाल्यावर द्या." मी कशाला नाही म्हणू? ३१ मार्चच्या आत बिल फाटतं, त्यांची विक्री वाढते. मग एप्रिल-मे पेट्या पत्र्याखाली. ट्रायकोडर्मा जिवंत बुरशी आहे हो, युरिया नव्हे! गेल्या जूनला एक बाटली उघडली तर बूच टणकन उडालं अन् नासक्या ताकासारखा वास. उरलेला माल परत, क्रेडिट नोट (बिलातून वजावट). तो फटका पुढच्या वर्षात. वर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (असंच जैविक मिश्रण) आहेच. वसमतकडचे हळदवाले कंदकुजीला तेच मागतात.

जालनेकर: एका गोडाऊनवरून कंपनी जोखायची का? उधारी कुणाची नसते? पाऊस लांबला की सगळ्यांचेच पैसे लांबतात. आणि २०२१ ला केंद्रानं बायोस्टिम्युलंट (पीकवाढ चेतवणारे पदार्थ) खत नियंत्रण आदेशाखाली आणले. बोगस बाटल्या भरणारे हटले की नोंदणीवाल्यांचंच फावणार.

कृषीकेंद्र_परभणी: गल्लत करताय. तुमचं ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्यात येतं. त्या आदेशाचा त्याला काय फायदा?

बीडचा_कापूसवाला: सरकारी आदेशावर डाव लावू नका एवढंच सांगतो. २०१६ ला बीजी-२ (बोंडअळी रोखणाऱ्या बीटी) कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा भाव केंद्रानं ८०० रुपयांवर बांधला. पुढच्याच वर्षी बोंडअळीनं आमची बोंडं पोखरली.

लातूर_खातेवही: पीई बाजूला ठेवा, येणी (दुकानदारांकडून यायचे पैसे) बघा. २०२१-२२ पासून वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये येण्यांची वयवारी छापावीच लागते: सहा महिन्यांच्या आतली, वर्षाच्या आतली, पुढं तीन वर्षांवरचीसुद्धा. शेजारी कॅश फ्लो ठेवा. नफा दरवर्षी आणि धंद्यातून आलेली रोकड उणे, असं सलग दिसलं तर तो नफा दुकानदारांच्या वहीत पडलाय. संशोधनाचा खर्च मालमत्तेत धरलाय का तेही तपासा, बुक व्हॅल्यू तिथं फुगते.

अंबाजोगाई_गुरुजी: अन् विकणार कुणाला? माझ्याकडं असाच एक शेअर होता. रोज ५ टक्क्यांचं लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा), घेणारा शून्य. अकरा दिवस मधल्या सुट्टीत मोबाईल बघायचो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

जालनेकर: वयवारी काढली. वर्षावरची येणी एकूण येण्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. हे मी बघितलंच नव्हतं, कबूल. तरी आहेत ते विकत नाही, प्रमोटर स्वतः बाजारातून शेअर घेतायत त्याला काही अर्थ आहे. नवीन खरेदी थांबवली. सप्टेंबरचा ताळेबंद नोव्हेंबरात येईल, तेव्हा बघू.

कृषीकेंद्र_परभणी: तोवर चक्कर मारा परभणीला. दोन पेट्या परत न्यायला अजून कुणी आलं नाही, वास फुकट.