टर्बो गाडीत १०० ऑक्टेन टाकून खरंच पॉवर वाढते का?

घाटवाला: काल एकाने लिहिलं, "टर्बोत १०० ऑक्टेन टाका, लगेच पॉवर वाढते, वॉटर इंजेक्शन (इंजिनात जाणाऱ्या हवेत पाणी फवारणं) ही रेसवाल्यांची थेरं." राहवलं नाही म्हणून लिहितोय. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही हो, नॉक न होता, म्हणजे अवेळी आपोआप पेट न घेता, पेट्रोल किती दाब आणि उष्णता सोसेल तेवढंच. मॅपच (इंधन आणि ठिणगीचं आधी ठरवलेलं गणित) ९५ चा असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, शंभरचं काय लोणचं घालणार? पाणी मुळातच गार करतं, एक किलोची वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल लागतात, पेट्रोलच्या सहापट तरी, म्हणून नॉक न होता बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो. बीएमडब्ल्यूने २०१६ च्या एम४ जीटीएसमध्ये उगाच दिलं का?

खटपट्या: आणि १९६२ ची ओल्ड्समोबाईल जेटफायर? तीही पाणी फवारणारी टर्बो गाडी. लोक पाणी-मिथेनॉलची टाकी भरायचेच नाहीत, शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. माझ्या मित्राने वॉटर इंजेक्शनचं किट बसवलं, चढावर पाणी संपलं, मॅप तसाच आक्रमक, पिस्टनला भोक. पाणी संपताच बूस्ट कमी करणारा फेलसेफच नव्हता. दीड लाख गेले, रडला अक्षरशः.

सायलेन्सर: ऑक्टेन सोडा, आधी ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) बोला! माझी एक लिटर टर्बो १८ द्यायची, आता १६.

घाटवाला: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांश कमी, त्यात २० टक्केच, म्हणजे फटका जेमतेम सात टक्के. १६.८ यायला हवं. टायरची हवा बघितली का?

सायलेन्सर: माझी गाडी तू चालवतोस का रे? दर रविवारी हवा भरतो मी! सात टक्के काय फुकट येतात?

खटपट्या: भांडू नका. इथेनॉल पण गार करतं आणि ई२० चं ऑक्टेन ९५ आहे, त्यासाठी ट्यून केलेल्या टर्बोला ते चांगलंच. जुन्या मॅपवाल्यांना फायदा शून्य, फटका पूर्ण, हा राग मला पटतो. पण घाटवाले, मे महिन्यात, एसी चालू, पाच माणसं, कसारा चढताना मला शंभरने फरक जाणवला, ते खोटं?

घाटवाला: खोटं नाही. उन्हात नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो, पॉवर कापली जाते, शंभरने ते कमी खेचलं असेल. एवढं मान्य. पण ही वाढलेली पॉवर नाही, कापलेली परत मिळाली.

सायलेन्सर: आणि माझे दोन किलोमीटर कोण परत देणार?