अमेरिकेत साधा, स्वस्त पिकअप काहून भेटत नाही?

मृगबहार, वरुड
राजेहो, एक प्रश्न हाय. माहा मावसभाऊ आयोवात राहते, मक्याच्या पट्ट्यात. दिवाळीत आला होता तं मंडीत आमच्या पिकअपचे फोटो काढत बसला. संत्र्याचे क्रेट, वरतून ताडपत्री, मागं एक्स्ट्रा पाटा टाकलेला, नेहमीचीच गाडी. म्हणे, अशी नवी गाडी तिकडं भेटतच नाही. जे भेटते त्याचं बोनेट छातीपर्यंत, आत पाच जणायच्या लेदरच्या सीटा, अन् हौदा आपल्यापेक्षा आखूड. मी म्हटलं, बाप्पा, एवढा शेतीचा देश अन् साधा पिकअप नाही? तं तो म्हणते, "कोंबडीमुळं." अन् हसत सुटला, नीट सांगतलंच नाही. कोंबडीचा अन् गाडीचा काय संबंध, कोणाले माहीत हाय का?

पांढरंसोनं, राळेगाव
कायचा कोंबडीचा संबंध! पैसा हाय लोकायपाशी, मोठ्या गाड्या आवडते त्यायले. कोणी घेणारच नसन तं कंपनी कायले पाठवन?

बॉडीवाला, हिंगणघाट
आवड हाय, नाही कोण म्हणते. पण दुकानात दुसरी वस्तू ठेवलीच नाही तं आवड कशी कळन? मावसभाऊ खरं बोलला. मी चेसिसवर हौदे बांधतो, पत्रा अन् वेल्डिंगवर माहं पोट हाय. म्हणून या भानगडीची मले लय गोडी लागली, सारा खेळ हौद्याचाच हाय.

1960 च्या आगंमागं अमेरिकेत कोंबडी कारखान्यातल्या मालासारखी निघू लागली अन् पश्चिम जर्मनीत धडाक्यानं खपू लागली. तिकडचे पोल्ट्रीवाले ओरडले. 1962 मधी युरोपच्या सामायिक बाजारानं कोंबडीवर कर वाढवला, अमेरिकेचा धंदा बसला. बोलणी फिसकटली. नुकसान किती, ते गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या पंचायनं मोजलं : 2 कोटी 60 लाख डॉलर. डिसेंबर 1963 मधी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननं त्याच्या वसुलीसाठी चार वस्तू धरल्या. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच बनते, डिंकासारखं), ब्रँडी अन् हलके ट्रक. ट्रकवर साडेआठ टक्के होता, तो 25 केला. नेम जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीच्या व्हॅन अन् पिकअपवर होता. पण असा कर एकाच देशावर लावता येत नव्हता, म्हणून जपान फुकटात सापडला. बिचाऱ्यानं कोणाची कोंबडी अडवली नव्हती.

ब्रँडी, स्टार्चवरचा कर पुढं निघाला. ट्रकवरचा नाही निघाला. तिथल्या कंपन्यायले अन् कामगार युनियनले त्याची गोडी लागली होती, कोण काढू देते?

आता ऐका आमच्या धंद्याची गोष्ट. जपानी कंपन्यायनं काय केलं, गाडी बिनहौद्याची पाठवली. कॅबिन अन् चेसिस, बस. त्यावर कर 4 टक्के. हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचा. 1980 पर्यंत चाललं हे, मग सरकारनं ते भोक बुजवलं. सुबारूनं ब्रॅट नावाच्या गाडीच्या हौद्यातच प्लास्टिकच्या दोन सीटा ठोकल्या, मागं तोंड करून बसायच्या. म्हणे, हा ट्रक नाही, प्रवासी गाडी हाय! रोनाल्ड रेगनच्या रँचवर होती एक.

सगळ्यात भारी फोर्ड. स्वतः अमेरिकन कंपनी, पण ट्रान्झिट कनेक्ट नावाची व्हॅन बनवे तुर्कस्तानात. मागं सीटा अन् खिडक्या लावून प्रवासी गाडी म्हणून आणायची, अडीच टक्के कर भरायचा. मग बाल्टिमोरच्या बंदरावर सीटा काढायच्या, खिडकीच्या काचा काढून पत्रा लावायचा. झाली मालाची गाडी. आमच्या शेडमधी पोरं जे करते तेच, फक्त हजारोंनी. 2013 मधी कस्टमनं पकडलं, 2019 मधी अपील कोर्टात फोर्ड हरली, 2024 मधी 36 कोटी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

मृगबहार, वरुड
लय भारी! पण दादा, हिशोब जुळत नाही. आपला पिकअप दहा लाखाचा धरा. 25 टक्के म्हणजे अडीच लाख, वरतून जहाजभाडं. तरी तिकडच्या गाडीपेक्षा स्वस्तच पडन नं?

बॉडीवाला, हिंगणघाट
बरोबर पकडलं. कर ही पहिली भिंत. आतली भिंत त्याहून जाड हाय. तिकडच्या क्रॅश टेस्टचे नियम, एअरबॅग, गाडी घसरू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोल. धुराचे नियम असे का डिझेललेही पेट्रोलइतकंच साफ राहा लागते. हे सारं बसवा, टेस्ट करा, सर्टिफिकेट घ्या, सुटे भाग अन् डीलर उभे करा, मग दहा लाखाची गाडी दहा लाखाची राहत नाही. एवढा खर्च करायचा अन् वर 25 टक्के कर, मग कंपनी म्हणते, जाऊ द्या.

अन् मायलेजचा नियमही उलटा. चार चाकायच्या मधली जागा जेवढी मोठी, तेवढी मायलेजची अट ढिली. लहान पिकअपनं जास्त मायलेज द्या लागते. कंपनीनं गाडी रुंद-लांब केली का अट सैल, भाव जास्त, नफा जास्त. पांढरंसोनं भाऊ म्हणते ते "आवडते" अशानंही वाढते.

वऱ्हाडी_परदेशी
मी मूळचा अकोल्याचा, सध्या नॉर्थ कॅरोलिनात आहे. इथल्या शेतकऱ्यांनी एक वाट काढली आहे. 1988 च्या कायद्यामुळे 25 वर्षं जुनी झालेली गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत बसली नाही तरी आणता येते. म्हणून जपानमधून जुने केई ट्रक येतात : 660 सीसी, लांबी 3.4 मीटर, स्टिअरिंग उजवीकडे. आपल्याकडच्या मारुती सुपर कॅरीचे चुलतभाऊच म्हणा. गवताच्या गासड्या, कुंपणाचे खांब, काहीही टाकतात. काही राज्यं मात्र रस्त्यासाठी नोंदणीच देत नाहीत.

टोयोटाने 2023 च्या अखेरीस थायलंडमध्ये हायलक्स चॅम्प काढला. सपाट हौदा, वाटेल तशी बॉडी बांधा. सुरुवात 4 लाख 59 हजार थाई बातपासून, म्हणजे साधारण 13 हजार डॉलर. इथे विकत नाहीत. इथे त्यातल्या त्यात लहान म्हणजे फोर्डचा मॅव्हरिक, तो मेक्सिकोत बनतो. 1994 च्या नाफ्टा करारानंतर (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा व्यापार करार) मेक्सिकोच्या ट्रकवरचा हा कर टप्प्याटप्प्याने निघाला होता. मॅव्हरिक आला तेव्हा 19,995 डॉलरला होता, पुढे पुष्कळ महागला.

पांढरंसोनं, राळेगाव
म्हणजे मोकळ्या बाजाराच्या गोष्टी आपल्याले सांगायच्या अन् स्वतः असं.

बॉडीवाला, हिंगणघाट
आपण तरी कुठं मोकळे होतो भाऊ. तयार विदेशी मोटारीवर आपल्याकडं वर्षानुवर्षं 60 ते 100 टक्के सीमाशुल्क होतं. अन् कोंबडीचं म्हणाल तं बर्ड फ्लूचं कारण सांगून अमेरिकेची कोंबडी आपणही अडवली होती. जागतिक व्यापार संघटनेत ते प्रकरण 2015 मधी आपण हरलो. अमरावतीकडच्या पोल्ट्रीवाल्याले विचारा, तो कोणाच्या बाजूनं बोलन?

मृगबहार, वरुड
एक शेवटचं. महिंद्राचे ट्रॅक्टर तं तिकडं दिसते म्हणे, भाऊच सांगे. मग पिकअप काहून नाही?

बॉडीवाला, हिंगणघाट
ट्रॅक्टर 1994 पासून विकते महिंद्रा तिकडं. शेतीच्या ट्रॅक्टरले हा कोंबडीवाला कर नाही अन् मोटारीची क्रॅश टेस्टही नाही. पिकअपचंही ठरलं होतं, डिझेलचा. एका वितरकाशी करार होता, 2010 मधी फिसकटला अन् प्रकरण कोर्टात गेलं. मग 2018 मधी मिशिगनमधी रॉक्सर जोडू लागले, थारच्या जातीची गाडी, पण फक्त शेतात-जंगलात चालवायची. तिचं तोंड जीपसारखं दिसते म्हणून जीपवाल्यायनं तक्रार केली, 2020 मधी महिंद्राविरुद्ध आदेश आला अन् तोंड बदला लागलं.