पावसामुळे चालणं बंद, मग घरात काय करायचं? सोसायटीच्या ग्रुपवरची रविवारची चर्चा

ए-२०१ काका, सकाळी ८:१२
सर्वांना नमस्कार. चार दिवस झाले, उपवन तलावावर फिरायला जाणं नाही. घोडबंदर रोडच्या फूटपाथवर या पावसात चालायची सोय नाही. काल पोडियमवर फेऱ्या मारायला उतरलो तर लिफ्टसमोरच्या ओल्या फरशीवर पाय सटकला. वॉचमनने धरलं म्हणून निभावलं. तिथे रबरी मॅट टाकावी ही कमिटीला विनंती. आणि आम्ही ज्येष्ठांनी हे दोन-तीन महिने घरात काय करावं, कोणी सांगू शकेल का? चालणं सुटलं की अंग आखडतं.

सी-८०४ सेक्रेटरी, ८:२०
काका, लागलं नाही ना कुठे? मॅट आज संध्याकाळपर्यंत टाकून घेतो.

बी-६०४, ८:४१
काका, जपा. तुमचा मेसेज वाचून राहवलं नाही, म्हणून जरा मोठं लिहितेय.

माझे बाबा ७४ वर्षांचे. राहतात वसंत विहारला. रोज सकाळी उपवनला जाऊन तलावाला फेरी मारून येणार, पाऊण तास चालणं ठरलेलं. शुगर नाही, बीपी गोळीवर आटोक्यात. आम्ही निर्धास्त होतो. अक्षय्य तृतीयेला त्यांच्याकडे सत्यनारायण होता. बाबा पूजेला पाटावर बसले. आरतीला उठायची वेळ आली आणि त्यांना उठताच येईना. हात टेकले, गुडघ्यावर आले, परत खाली बसले. शेवटी गुरुजींनी आणि माझ्या नवऱ्याने काखेत हात घालून उभं केलं. बाबा कोणाला काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, "पायात जीवच नव्हता गं."

मग फिजिओथेरपिस्टना दाखवलं. त्यांनी एक साधी चाचणी घेतली. हात नसलेली, पाठ सरळ असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर आडवे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. बाबांच्या वयाच्या पुरुषाला १२ च्या आत जमलं तर ते कमी धरतात. बाबांना ५ जमलं. रोज पाऊण तास चालणाऱ्या माणसाला ५!

त्यांनी समजावलं ते मला पटलं. सपाट रस्त्यावर चालण्याने हृदयाला, फुप्फुसांना फायदा होतो, दम वाढतो. पण खालून वर शरीर उचलायला मांडीची आणि कुल्ल्याची जी ताकद लागते ती त्याने फारशी वाढत नाही. कमोडवरून, रिक्षातून, जमिनीवरून उठणं हे सगळं त्या ताकदीवर. म्हणून काका, चालणं बंद पडलंय तर घरात आधी हेच सुरू करा.

बाबा आता करतात ते असं: खुर्चीवरून उठबस ८-१० वेळा, थोडं थांबून परत. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर करून हळू खाली. भिंतीला तळवे टेकून जोर. आणि ओट्याशेजारीच एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून उभं राहणं. सगळं मिळून वीस मिनिटं, एक दिवसाआड. अडीच महिने झाले. गेल्या रविवारी मोजलं, ११ झालं.

बी-३०५ काकू, ८:५८
खूप छान लिहिलंस गं. पण माझे गुडघे घासलेत. उठबस म्हटलं की कळ येते. डॉक्टर म्हणाले व्यायाम कर, पण नेमका कोणता ते सांगायला वेळ नव्हता त्यांना. आणि मी दिवसभर उभीच असते, पोळ्या, भांडी, केर. तो व्यायामच ना?

ए-७०२ फिजिओ, ९:१५
काकू, मी सांगते. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा मुख्य उपचारांपैकी एक आहे. गुडघ्यावरचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूने झेलायचा असतो. तो अशक्त झाला की सांध्यालाच जास्त सोसावं लागतं. दुखतं म्हणून पाय वापरायचा नाही, वापरत नाही म्हणून स्नायू अजून उतरतो, हे चक्र मी रोज बघते.

तुम्ही पलंगावर सुरू करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. ५ मोजा, सोडा. असं १० वेळा. मग आडवं पडून एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. आठवड्याने खुर्ची घ्या, पण उंच करून. बसायच्या जागी घट्ट उशी ठेवली की गुडघा कमी वाकतो. जमेल तसं उशी पातळ करत जायचं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं, किंवा गुडघा सुजला, तर मात्र संख्या कमी करा.

आणि घरकाम चांगलंच. ते सोडू नका. पण तेच काम, तेवढंच वजन, वीस वर्षं. शरीराला त्याची सवय झालीय. ताकद वाढायला आज जेवढं जमतं त्याहून जरासं जास्त मागावं लागतं.

ए-२०१ काका, ९:३०
या वयात स्नायू वाढतात का खरंच? मी ७८. आता आहे ते टिकलं तरी पुष्कळ, असं वाटतं.

ए-७०२ फिजिओ, ९:४४
काका, वाढतात. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या लोकांना ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. ज्या ९ जणांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. छोटा गट होता आणि व्यायाम देखरेखीखाली चांगला जड दिलेला होता, पण त्यानंतर वयस्कर माणसांना ताकदीचा व्यायाम देण्याकडे बघायची पद्धतच बदलली. तुम्ही ७८ म्हणजे त्यांच्यापुढे तरुण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ६५ च्या पुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल अशी हालचाल. किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आणि ३ किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद दोन्ही सांभाळणारा व्यायाम. पहिली बहुतेकांना माहीत असते. तिसरी मला पेशंटच्या तोंडून कधी ऐकायलाच मिळत नाही.

घरच्या घरी काय होऊ शकतं याचं चांगलं उदाहरण न्यूझीलंडमधलं ओटागोचं. १९९० च्या दशकात ओटागो विद्यापीठात हा व्यायाम तयार झाला. पायाला छोटी वजनं बांधून ताकद, शेजारी आधार ठेवून तोल, वर थोडं चालणं, सगळं घरीच, फिजिओने येऊन शिकवलेलं. त्यांच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं.

डी-४०१, ९:५२
माझे सासरे इन्सुलिनवर आहेत आणि सकाळी उठलं की त्यांना गरगरतं. त्यांना चालेल का हे?

ए-७०२ फिजिओ, १०:०३
चालेल, पण गरगरण्याचं आधी डॉक्टरांना सांगा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत, असं दोनदा बीपी घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त खाली येत असेल तर गोळ्यांची वेळ-मात्रा बघावी लागते. बीपीच्या औषधांनी होतं, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही होतं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका मात्र. तोवर उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं.

इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, आधी शुगर बघा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि शुगर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी नको. घरात वापरायला एक धुतलेले बूट वेगळेच ठेवा. आणि छातीत दडपण, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर थांबायचं, त्याच दिवशी दाखवायचं.

ए-२०१ काका, १०:१०
मी सूर्यनमस्कार घालतो, सौ.लाही शिकवलेत. तिचा हाडांचा रिपोर्ट मध्यंतरी कमी आला होता. तिने चालू ठेवावेत ना?

ए-७०२ फिजिओ, १०:१४
काका, हे बरं झालं विचारलंत. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असतील तर कमरेतून पुढे वाकून पायाला हात लावणं, पश्चिमोत्तानासन, झटक्याने पिळणं हे काकूंनी थांबवावं. पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथे चेपतो. हे दुखण्याशिवायही होतं, नंतर उंची कमी झाल्यावर कळतं. उभ्याने करायचं सगळं त्यांना चालेल, पाठ सरळ ठेवून. रिपोर्ट घेऊन संध्याकाळी या, मी घरीच आहे.

सी-११०३, १०:२६
माझी आई गावी एकटी असते, साताऱ्याजवळ. ७१ वर्षांची. मागच्या महिन्यात परसात पडली. लागलं काही नाही, पण उठता येईना म्हणून तासभर तशीच बसून राहिली. फोन घरात. हे कळल्यापासून रात्री झोप लागत नाही मला.

बी-६०४, १०:३१
दादा, आमच्या बाबांना त्यांनी जमिनीवरून उठायचंही शिकवलं. ते सर्वांत उपयोगी पडलं बघा. आईला शांतपणे शिकवा. पडल्यावर लगेच धडपडायचं नाही. आधी श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, हाताने रेटा देऊन ओणवं व्हायचं, लहान बाळ रांगतं तसं. तसंच रांगत खुर्ची किंवा पलंगाच्या कडेपर्यंत जायचं. दोन्ही हात त्यावर, जास्त बळ असलेल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं, हात आणि पाय एकदम दाबून वर यायचं आणि वळून बसायचं. आम्ही सतरंजी टाकून बाबांबरोबर रोज एकदा करायचो. माझी मुलगीही करायची शेजारी. पहिल्या आठवड्यात आम्ही आधार दिला, आता लागत नाही.

ए-७०२ फिजिओ, १०:३५
अगदी बरोबर. एकच भर. जांघेत तीव्र कळ असेल, पायावर भार देता येत नसेल, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचा प्रयत्नच करायचा नाही. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. पांघरूण घालून १०८ ला फोन. म्हणून मोबाईल पदराशी, खिशात, गळ्यातल्या पिशवीत, कुठेही, पण अंगावर हवा.

बी-३०५ काकू, १०:४०
आणि खाण्याचं काय? आमच्याकडे रात्री नुसता दूध-भात असतो.

ए-७०२ फिजिओ, १०:४४
दूध-भात वाईट नाही, पण थोडा आहे. या वयात दर किलो वजनाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. वरणाची वाटी भरून, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे, आणि ते तिन्ही वेळांत वाटून. किडनीचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

सी-८०४ सेक्रेटरी, १०:५२
क्लब हाऊस दुपारी ४ ते ५ रिकामंच असतं. मंगळवारपासून रोज उघडून देतो. हात नसलेल्या १२ खुर्च्या आहेत, चाकाच्या बाजूला काढतो. ताई, तुम्ही पहिले दोन दिवस आलात तर बरं होईल. लिफ्टसमोर मॅट टाकली, फोटो पाठवतोय.

ए-७०२ फिजिओ, १०:५५
येते. सगळ्यांनी बूट घालून या आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणा. पहिल्या दिवशी फक्त मोजणार आहोत.

ए-२०१ काका, ११:०५
आम्ही दोघं येतो. तुमच्या बाबांनाही घेऊन या. वसंत विहार काही लांब नाही.

बी-६०४, ११:०८
विचारते काका. खुर्चीजवळ उभं राहून दुसऱ्याचं मोजायचं काम दिलं तर नक्की येतील.

सी-११०३, दुपारी १२:४०
आईला व्हिडिओ कॉलवर खुर्चीत बसवलं. शेजारच्या काकू बाजूला उभ्या राहिल्या. ३० सेकंदांत ७ झालं. तिच्या वयाच्या बाईला किती हवं?

ए-७०२ फिजिओ, १२:४६
७० ते ७४ च्या बायकांना १० तरी. ७ वरून १० फार लांब नाही. आठवड्यातून ३ दिवस करून घ्या, मधले दिवस विश्रांती.

सी-११०३, १२:५१
सांगितलं तिला. विचारतेय, परवा किती वाजता फोन करशील.